शेवटच्या नावापर्यंत

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दर शुक्रवारी दुकान बंद ठेवून नवा सिनेमा बघतो आणि पडद्यावरचं शेवटचं नाव वाचल्याशिवाय उठत नाही. सगळ्या पुरस्कारांची त्याची वही आहे, पण सगळं तोंडपाठ असल्यानं ती उघडावी लागत नाही.

माझ्या सदऱ्याची घडी घालताना एकदा म्हणाला, "वेशभूषेचं बक्षीस तुमास्नी मिळालतं. पर कपडे शिवणाऱ्याचं नाव शेवटाला न्हवतं की वो."

मी पैसे देऊन निघालो. शिवणच काय, कल्पनाही इचलकरंजीच्या एका बाईंची होती. त्यांचं नाव मीच गाळलं होतं. परवा त्याला त्यांच्या नावासकट सांगून टाकलं.

त्यानं इस्त्री उभी ठेवली, वहीत माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव लिहिलं. "बाई हायत न्हवं अजून?"

"आहेत."

"मग मला काय सांगताय? सदरा कडक करून देतो. घालून त्यांच्याकडं जावा."