शेप्याची कोय

माझे मामा आडदांड आहेत आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. कोडोलीला आजोळी बांधावर एक आंबा होता. फळाला शेपूचा वास, म्हणून त्याला सगळे शेप्या म्हणत. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते एवढ्यासाठी मामांनी तो तोडला. बहिणींना विचारलंसुद्धा नाही. चिमणामावशीनं तेवढी शेवटच्या आंब्याची कोय पदराला बांधून कोल्हापूरला नेली.

मंगळवार पेठेत तिचं भाड्याचं घर, परसात सगळी फरशी. म्हणून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात कोय लावली. रोप कमरेला लागलं आणि २००३चा उन्हाळा आला. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. मावशीनं तांदळाचं धुवण वाया घालवलं नाही, भाजीचं नाही. पत्रा तापतो म्हणून डब्याला ओलं पोतं गुंडाळायची, मातीवर उसाचं पाचट पसरायची. ऊन कलल्याशिवाय थेंब घालायची नाही.

"आंबा खायला नातवंडं यायला लागतील," मावशीचे यजमान, बाळासोकाका, हसायचे.

"येऊ देत की. मी कुठं माझ्यासाठी लावलाय?"

एप्रिलात माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला ती आमच्याकडे कबनूरला आली. बाळासोकाका एसटीचे ड्रायव्हर, कायम मुक्कामाच्या गाडीवर, रात्री बाहेरगावीच. घरी राहिले तिचे धाकटे दीर हंबीरराव. दूध संघाच्या निवडणुकीला उभे राहिलेले, मलकापूरहून जीप घेऊन प्रचाराला आलेले. मावशीनं जाताना पिंप काठोकाठ भरून ठेवलं.

"भावजी, रोज सांजंला कळशीभर घाला. इसरू नगासा."

"वैनी, काळजी सोडा की वो! मी हाय न्हवं?"

तीन आठवड्यांनी ती परतताना पिशव्या घ्यायला मी तिच्याबरोबर गेले. दारात जीप उभी होती, आरशासारखी लख्ख. मावशी थबकली आणि चप्पल न काढताच परसात गेली. पिंप कोरडं ठणठणीत. डब्यातनं मात्र पाणी फरशीवर वाहत होतं. हंबीररावांचा गडी रिकामी कळशी घेऊन शेजारीच उभा; आम्हाला गल्लीच्या तोंडाशी बघून त्यानं तळाचं उरलेलं घाईघाईनं ओतलं होतं. पानं पापडासारखी वाळलेली. मावशीनं खोड नखानं खरवडलं. वरपासून बुंध्यापर्यंत कुठंच हिरवं नव्हतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रोज मतं मागायला जाताना त्या पाण्यानं यांची जीप धुवायची, आणि आमचा शेप्या तहानेनं मारायचा!

"त्यात काय एवढं, वैनी?" हंबीरराव मागं येऊन उभे राहिले. "नर्सरीतनं हापूस आणून देतो की."

"माझ्या भावांनी झाड तोडलं. तुमी बी मारलंसा. आता ह्यो आंबा जगात कुठंच न्हाय."

 तेवढ्यात काका ड्यूटीवरून आले. सगळे पुढच्या सोप्यात बसले. हंबीररावांनी कपाळाचा घाम पुसला.

"वैनी, जरा पाणी द्या."

मावशी जागची हलली नाही.

"न्हाय."

काका तांब्या आणायला उठले. तिनं नुसतं त्यांच्याकडं बघितलं, तसे ते खाली बसले. हंबीरराव उठले आणि चपला घालून निघून गेले. आमच्यात दारच्या भिकाऱ्यालासुद्धा पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. मावशीनं सख्ख्या दिराला म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं.