गोकुळदासबाबांची बुलेट

कोरगावच्या तिठ्यावर गोकुळदासबाबांचं कापडाचं दुकान होतं. गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसलेले असले म्हणजे बाब भारदस्त दिसत. खाली उतरले की गिऱ्हाईक त्यांना शोधू लागे. आपली ही उंची त्यांनी पंचेचाळिशीपर्यंत निमूट सोसली. पुढे मात्र मुळगावच्या मेव्हण्याने, गुरुदासने, ती सोसू दिली नाही.

गुरुदासचे खाणीवर ट्रक चालत. तो एका लग्नाला बुलेटवरून आला. धडधड ऐकून मांडवातली माणसं उठून उभी राहिली, कुणीतरी पुढच्या रांगेतली खुर्ची पुसून दिली. बसमधून उतरून घाम पुसत आलेल्या गोकुळदासबाबांना मात्र त्याच माणसाने सांगितलं, "जरा बाजूला व्हा, गाडी लावायची आहे." त्या दिवशी बाब पोटभर जेवले, पण जेवण अंगी लागलं नाही.

पुढे गुरुदासने जीप घेतली आणि बुलेट बहिणीकडे पाठवून दिली. बहीण विनोदिनी, गोकुळदासबाबांची बायको. तिने गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि म्हणाली, "बसा बघू आता."

बाब बसले. दोन्ही पाय हवेत राहिले.

शिकवायला दत्ताराम आला. तो तिठ्यावरचा पायलट. भाड्याने माणसांना मोटारसायकलवरून पोचवणारा. कापणी झालेल्या शेतात त्याने बाबांना गियर शिकवले, क्लच शिकवला, आणि चार संध्याकाळी मागे धावून झाल्यावर तो बांधावर बसला.

"बाब, गाडी बरी आसा," तो म्हणाला. "पण तुमचे पाय जमनीक पावणत नाय. चालवतलात, पण थांबतलात कशे?"

उपाय बाबांनीच काढला. घरापुढे चिऱ्यांचा गडगा होता, बुटकी दगडी भिंतच ती, आणि दुकानापुढेही होता. एका गडग्यावर पाय ठेवून निघायचं, दुसऱ्या गडग्यावर पाय ठेवून थांबायचं. मध्ये जे काही आडवं येईल त्याने बाजूला व्हायचं. म्हशी लवकर शिकल्या. माणसांना वेळ लागला.

गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाब वाटेत कुणासाठी थांबत नाहीत, हाक मारली तर वळून बघत नाहीत, गाडी अगदी गडग्याला घासून लावतात, हे पाहून लोकांना वाटलं, काय रुबाब आहे. पूर्वी 'गोकुळदास' म्हणणारे 'शेट' म्हणू लागले. देवळाच्या समितीत त्यांना घेतलं. पहिल्या बैठकीत बाब काहीच बोलले नाहीत. देवळापुढच्या गडग्यापासून गाडी सुटेल कशी याच विवंचनेत होते. त्यावरून ते विचारी आहेत असंही ठरलं.

मग निवडणूक आली. पक्षाचं काम बघणारा शांताराम दुकानात येऊन स्टुलासमोर उभा राहिला. "धारगळहून मोटारसायकलींची रॅली काढतोय. पेडण्याच्या बाजारात सभा. शेट, तुमची गाडी पुढे पाहिजे."

बाबांना नाही म्हणायचं होतं. पण 'पुढे' हा शब्द त्यांच्यासाठी उभ्या आयुष्यात कुणी वापरला नव्हता. शाळेच्या फोटोत तेवढे पुढे बसवत, तेही जमिनीवर.

दत्तारामला कळलं तेव्हा तो हळूच येऊन म्हणाला, "बाब, बाजाराच्या फाट्यार गडगो नाय."

"बघू," बाब म्हणाले.

रॅलीच्या दिवशी दोघांनी गाडी धरली, तिसऱ्याने बाबांना वर चढवलं. पुढे झेंडा, हॅंडलला झेंडूचा हार. शांतारामने सगळ्यांना बजावलं, "शेटच्या गाडीच्या पुढे कुणी जायचं नाही." आणि शे-दीडशे मोटारसायकली बाबांच्या मागे निघाल्या.

हायवे सरळ होता तोवर बाबांना सुखही वाटलं. मग फाटा आला. वळणावर एक बस आडवी उभी. वळायचं तर वेग कमी करायला हवा, वेग कमी केला तर पाय टेकायला हवा. "धरा रे कुणी तरी," बाब ओरडले. मागच्यांना ती घोषणा वाटली. "विजय असो," त्यांनी एका सुरात साथ दिली. बाब सरळ गेले. रॅलीही सरळ गेली.

तिकडे बाजारात उमेदवार व्यासपीठावर होता. इंजिनांचा आवाज जवळ आला तसा तो हात जोडून उभा राहिला. आवाज दूर जाऊ लागला तरी हात जोडलेलेच होते.

पुढे गाव गेलं, माळ गेला, काजूच्या बागा गेल्या. थेट पत्रादेवीला, गोव्याच्या वेशीवर, रस्त्याच्या कामासाठी टाकलेला रेतीचा ढीग दिसला. बाबांनी देवाचं नाव घेतलं आणि गाडी त्यात घातली. ती उभीच रुतली. बाब वर तसेच बसून राहिले. मागून एकेक गाडी येऊन थांबली. समोर पोलिसांचा तपासणी नाका दिसताच निम्म्या रॅलीने खिशातल्या फेणीच्या बाटल्या झुडपात टाकल्या.

शांताराम धावत आला. "शेट, इथे कशाला आणलंत?"

बाबांना तोंड उघडवेना. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. खरं तर तिकडच्या नळाचं पाणी हवं होतं. बोटाच्या रोखाने हुतात्म्यांचं स्मारक होतं.

शांतारामने तिकडे पाहिलं. मग ढिगावर चढला. "बंधूंनो," तो म्हणाला, "आधी हुतात्म्यांना वंदन, मग सभा. हा विचार आपल्या शेटना सुचला."

टाळ्या झाल्या. बाबांना उतरवलं, हॅंडलवरचा हार हातात दिला. ते स्मारकापुढे उभे राहिले. गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटण्याआधी इथे छातीवर गोळ्या झेलायला लोक चालत आले होते, हे त्यांना वडिलांनी सांगितलं होतं. आपण थांबता येईना म्हणून आलो. हार वाहताना त्यांना मान वर करवेना. लोक म्हणाले, बघा, किती भरून आलंय.

दोन दिवसांनी दुसऱ्या पक्षाची रॅलीही आधी पत्रादेवीला गेली. त्यानंतर तिथे न जाता सभा घेणं कुणालाच परवडेना. शाळेने बाबांना देशप्रेमावर बोलायला बोलावलं आणि बोलताना ते दिसावेत म्हणून टेबलावर चढवलं.

त्या संध्याकाळी विनोदिनीने पेज वाढता वाढता विचारलं, "आता तरी गाडी विकूया ना?"

"कशी विकू?" गोकुळदासबाब म्हणाले. "लोक म्हणतील, याने स्वातंत्र्य विकलं."