भिंतीकडे तोंड करून बसलेली तुरेवाली

माझी नात पुण्यात व्हिडिओ गेम बनवते. चार-पाच पोरापोरींचा छोटा स्टुडिओ आहे त्यांचा. मी आयुष्यात सागरगोटे आणि नवऱ्याचं डोकं याखेरीज कशाशी खेळले नाही, त्यामुळे मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी त्या गेममध्ये मी आहे. खाडीवरची चेटकीण वाट अडवते आणि गाण्यात सवाल टाकते, तिचा आवाज माझा. माहेरचाच एक सवाल म्हटला होता मी.

मे महिन्यात नात पालीला घरी आली ती तोंड पाडूनच.

"आजी, आम्ही पब्लिशरला सोडलं."

"म्हणजे काडीमोड?"

"तसंच. गेम एकाच कंपनीच्या कन्सोलवर, म्हणजे त्या खेळायच्या डब्यावर, आणायचा, असं त्यांनी परस्पर ठरवलं. दुसरा कन्सोल असेल त्याने नुसतं बघत बसायचं."

"मग त्याने पहिला डबा घ्यावा."

"घेत नाहीत गं! आमचा डबा भारी की तुमचा, यावरून खेळणारे सात पिढ्या काढतात एकमेकांच्या."

"पण गो बाय, गेम केलात तुम्ही. ठरवणारे ते कोण?"

"करार. आता वकील बघतायत. गेम परत नाही मिळाला तर स्टुडिओ बंद."

करार कळला नाही. डब्यांचं भांडण मात्र लगेच कळलं. माझं माहेर जयगडकडचं, तुरेवाल्यांचं, म्हणजे शिवाच्या बाजूचं, आणि सासर शक्तीवाल्यांचं. गणपतीत जाखडीचा नाच होतो तेव्हा शिव मोठा की शक्ती, यावर दोन बाजूंचे बुवा गाण्यातून भांडतात. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत सासरच्या अंगणात शक्तीवाल्यांची जाखडी उभी राहिली, आणि ही नवी नवरी काय करते, तर भिंतीकडे तोंड करून बसते! शंकराची अब्रू जशी काय हिच्याच पदरात बांधून दिलेली. बुवा गात होते ते इतकं गोड, की पायाचा अंगठा ठेका धरायला लागला. तो मी दुसऱ्या पायाखाली दाबला. नवऱ्याने ते बरोबर टिपलं.

"अंगठा तरी आमच्याकडचा झाला," म्हणाला.

त्यावर मी त्याच्याशी अबोला धरला. मोठी आली तुरेवाली!

आम्ही फणस कापत होतो तेव्हा वकिलाचा फोन आला. "गेम आपला!" असं ओरडत नातीने चिकट हातांनीच मला मिठी मारली. मग हात पुसत म्हणाली,

"तुझं गाणं मात्र त्यांच्याकडेच राहणार, आजी. रेकॉर्डिंग त्यांचं होतं. दुसरं काहीतरी म्हण."

म्हणजे सवाल माझ्या गावचा, गळा माझा, आणि गाणं तिसऱ्याचं? अजून मला हे उलगडलेलं नाही. कुणाला उलगडलं असेल तर सांगा.

आवाज घेताना बाहेरचे कावळे ऐकू येऊ नयेत म्हणून तिने मला साड्यांच्या कपाटात बसवलं आणि वर गोधडी टाकली. मी माहेरचा दुसरा सवाल आठवू लागले. एक आठवेल तर शपथ. तोंडातून आलं ते शक्तीवाल्यांचं, त्या गणपतीतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भिंतीकडे बघत बसलेल्या त्या बयेने ते कधी पाठ केलं, देव जाणे.

नातीने गोधडी उचलली. "आजी, हे आजोबांच्या बाजूचं ना?"

"गेम आता दोन्ही डब्यांवर येणार ना? मग चेटकिणीला कसली बाजू? ठेव हेच."

अंगठा तेवढा मी कपाटातसुद्धा दाबून धरला होता. रेकॉर्डिंगमध्ये ठेका यायला नको.