चिपटं वर, अधोली खाली

डोळ्यांत औषधाचे थेंब वेळेवर पडले नाहीत तर आईची उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आई मलकापुरात एकटी. दादानं लगेच निकाल लावून टाकला, पुण्याला नेतो म्हणून. आई म्हणाली, घर सोडणार नाही. आता अडचण एवढीच की तिला घड्याळच दिसत नव्हतं. काटे पुसट व्हायचे. मोठ्या आकड्यांच्या घड्याळात तीन, सहा, आठ तिला सारखेच. बोलणारं घड्याळ आणलं, ते तिनं गादीखाली कोंबलं. सारखं डोकं खातंय म्हणे.

मी कुपवाडला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या वर्कशॉपात आहे. तिथंच बसून तिच्यासाठी नुसत्या दिव्यांचं घड्याळ केलं. दिव्यांचे चार उभे खांब. डावीकडचे दोन तासांचे, उजवीकडचे दोन मिनिटांचे, एका खांबात एक आकडा. खालून वर दिव्यांची किंमत एक, दोन, चार, आठ. पेटलेल्यांची बेरीज करायची, बस्स. चार आणि एक पेटले की पाच. कुठला दिवा पेटलाय एवढं तिला नक्की दिसायचं.

मलकापूरला नेऊन भिंतीवर लावलं, तर दुप्पट-दुप्पट समजायला तिला वेळ लागला नाही. जोंधळा मोजायची मापं आमच्याकडं अजून आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, म्हणजे आठ चिपटी. ही तर आपली मापंच की, म्हणाली. मी जाम खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला फोन केला, तर म्हणते आठ वाजलेत. माझं टाळकंच सरकलं. भर उन्हात आठ कसे वाजतील, म्हणून वाट्टेल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, खालचा दिवा लागलाय. अधोली खालीच असती न्हवं? चिपटं कवाबी वर."

खरंच की. आमच्या फळीवर मापं अशीच एकावर एक रचलेली असतात. तिची सवय मोडत बसण्यापेक्षा प्रोग्राम बदलणं सोपं. रविवारी जाऊन चारही खांब उलटे करून दिले.

पुढं दादा आला तो तिचं सामान भरायलाच. घड्याळ म्हणजे पोरखेळ आहे म्हणाला. मला असा संताप आला, पण आईनं हातानंच गप्प केलं. त्यानं तिची पिशवी भरली तोवर ती भिंतीकडं बघत बसली होती. ओठ हलत होते.

"शेर आन चिपटं, पाच. पाच वाजून सात मिंटं झाली," ती त्याला म्हणाली. "थेंब पाचलाच घातलं मी. साडेपाचची गाडी हाय न्हवं तुजी? नीघ आता."

दादानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग खाली बसला आणि पिशवीतलं एकेक पातळ काढून परत ट्रंकेत ठेवायला लागला. त्याची गाडी चुकलीच.