हीटरचा प्लग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. अजूनही सोसायटीत लाइट गेली की माझ्या छातीत धडधडतं. इतकी वर्षं झाली, भीती काही जात नाही.

दिल्लीच्या द्वारकेत आमच्या शेजारी सुमनकाकू राहायच्या. नव्या फ्लॅटला रंगकाम चालू असताना त्यांच्या उजव्या डोळ्यात चुना उडाला आणि त्या डोळ्यानं दिसेनासं झालं. मी तेव्हा नोएडातल्या एका छोट्या लॅबमध्ये नवी होते. रुग्णाच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा बारीकसा तुकडा घेऊन आम्ही बशीत पेशींचा पापुद्रा वाढवायचो. बशीवर एका पॉलिमरचा पातळ थर असे. ऊब असेपर्यंत तो पेशींना धरून ठेवतो, गार झाला की सोडून देतो — मग अख्खा पापुद्रा अलगद उचलून अधू डोळ्यावर लावायचा. 'काकू, घाबरू नका, मी आहे ना तिथे,' असं कोण म्हणालं होतं? मीच!

आणि मग — कसं सांगू? जानेवारी होता, पाय गोठले होते. टेबलाजवळ सॉकेट एकच, त्यात काकूंच्या पापुद्र्याला ऊब देणारा इनक्युबेटर. मी त्याचा प्लग काढला आणि हीटर लावला. जरा वेळच, म्हटलं. तेवढ्यात सगळ्यांनी गच्चीवर उन्हात मुंगफली खायला बोलावलं. हीटर आठवणीनं बंद केला. इनक्युबेटर — विसरले.

परत आले तर बशी गार. अर्धाकच्चा पापुद्रा सुटून, चुरगळून तरंगत होता. नोकरी जाणार, काकूंना तोंड कसं दाखवू? मी आधी प्लग जागेवर लावला, मगच सरांना हाक मारली. "सर, लाइट चली गई थी. इन्वर्टर भी नहीं चला." नोएडात यावर कोण शंका घेणार?

सर म्हणाले, पुन्हा तुकडा घेऊ. काकूंनी तर माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "अगं, लाइट गेली, त्याला तू काय करणार?" मग हळूच म्हणाल्या, "पण चांगल्या डोळ्याला आता पुन्हा हात लावू देणार नाही हं मी. इथल्या लाइटचा काय भरवसा?"

लाइट गेलीच नव्हती. एवढं बोलले असते तर त्या कदाचित तयार झाल्या असत्या — आणि हे मला तिथेच, त्यांच्यासमोर बसल्या बसल्या कळलं होतं. मी घाबरले. "बरोबर आहे, काकू," म्हणाले.

त्यांचा उजवा डोळा कायमचा गेला.