टोमासाचं झोपलेलं रान

टोमासा नोरालेसला कुणी तोंडावर आळशी म्हटलं असतं, तर तिने तिथल्या तिथे त्याची खरडपट्टी काढली असती. पण कोर्टाने तिला आळशी ठरवलं ते तिच्याच शब्दांनी, पंख्याखाली बसून, जांभया देत.

होंडुरासच्या किनाऱ्यावर, गारिफुना लोकांच्या गावात टोमासाची एरेब्याची भट्टी होती. एरेबा म्हणजे कसाव्याची पातळ, कडक भाकरी. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच हा, फक्त कडू जातीचा. तो किसायचा, वेताच्या लांबलचक पिशवीत भरून आढ्याला टांगायचा आणि पिशवीच्या खालच्या टोकात अडकवलेल्या दांड्यावर बायकांनी बसून विषारी पाणी पिळून काढायचं. टोमासाबरोबर चार बायका खपत आणि त्या चौघींची घरं त्याच भट्टीवर चालत.

कसावा जमिनीचं रक्त पितो. म्हणून पीक निघालं की ते रान काही वर्षं झोपू द्यायचं, झुडपं माजू द्यायची, कोयतासुद्धा लावायचा नाही. झोपलेल्या रानात सरपण तोडणाऱ्याला टोमासाच्या आईने भर रस्त्यात बदडलं होतं. कुंपण नाही, पाटी नाही. गावाला ठाऊक असायचं.

पलीकडच्या हॉटेल कंपनीला टोमासाचं असंच झोपलेलं रान हवं होतं. तिचा मोजणीवाला आधी येऊन गेला. टोमासाने त्याला सावलीत बसवलं, नारळाच्या दुधातली मासळी आणि गरम एरेबा वाढला. जेवता जेवता त्याने विचारलं, "मावशी, त्या झुडपांच्या रानात काय लावता?"

"लावते? चार वर्षं हात नाही लावला बाबा! गावातलं कुणी लावणारही नाही. विचार हवं तर," टोमासा ताठ मानेने म्हणाली. आपण रीत पाळणारी माणसं आहोत, हे पाहुण्याला कळायला नको?

तेच वाक्य कोर्टात वाचून दाखवलं गेलं. गावाचा सामाईक हक्क होता, पण वापर सोडला की हक्कही सुटतो, असं कंपनीचं म्हणणं. चार वर्षं हात लावला नाही, सबब जमीन बेवारस!

"खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला!" टोमासा उठून उभी राहिली. "साहेब, जमीन झोपलीय. तुम्ही झोपता तेव्हा तुमचं घर कुणी बेवारस म्हणतं का?"

"बाई, विचारलं तेवढंच बोला," न्यायाधीश म्हणाले.

"मग यांना विचारा. यांच्या भिंतीआड कित्येक वर्षं नुसतं गवत माजलंय, ते काय?"

कंपनीचा वकील हसला. "ती गुंतवणूक आहे."

"वा रे वा! तुमचं गवत गुंतवणूक आणि आमचं गवत आळस?"

तिला बाहेर काढलं. मागोमाग इल्दा आली. ती गावचीच पोर, शिकून वकील झालेली, गावाचा खटला तीच लढत होती. "मावशी, निकालाआधी, चारेक महिन्यांनी, न्यायाधीश पाहणीला येणारेत. रानात कसावा उभा दिसला तर जमीन वाचेल. नाहीतर गेली समज."

"अर्ध्या झोपेतून उठवू तिला? काय डोंबल येईल त्यात?"

"काही येऊ दे. दिसलं पाहिजे."

"तुझ्या आजीने हे ऐकलं असतं ना, तर थोबाड फोडलं असतं तुझं."

"आजीच्या दारात हॉटेलवाले आले नव्हते, मावशी," इल्दा म्हणाली.

टोमासाने स्वतः कोयता घेतला. झुडपं तोडताना, कसावा लावताना ती रडली नाही, शिव्या देत होती. मोजणीवाल्याला, न्यायाधीशाला, स्वतःच्या जिभेला. पाहणीच्या दिवशी न्यायाधीशांनी गाडीची काच खाली केली, रांगेत उभी रोपं पाहिली आणि काच वर केली. निकाल गावाच्या बाजूने लागला. ढोल वाजले. टोमासा नाचली नाही.

कंद निघाले ते बोटाएवढे, नुसत्या दोऱ्या. भाकरी तव्यावर धरेना. दुकानदाराने माल परत केला. चौघींपैकी दोघी शहरात धुणीभांडी करायला गेल्या. आणि आता कुणाचंही रान बेवारस ठरेल या धास्तीने घराघराने कोयते काढले. गावात एकही रान झोपलेलं उरलं नाही. जमीन वाचवली म्हणे! कायद्याने जमीन गावाला दिली आणि तिचा जीव काढून घेतला.

टोमासा फडक्यात एरेबा बांधून कोर्टात गेली. न्यायाधीश ओसरीतच भेटले.

"अहो, तुम्ही तर जिंकलात ना?"

"जिंकले. काय जिंकले ते खाऊन बघा."

त्यांनी भिडेखातर तुकडा मोडला. तो हातातच फुटला आणि सगळा भुगा त्यांच्या काळ्या झग्यावर सांडला. ते घाईघाईने झटकू लागले.

"झटकू नका, साहेब," टोमासा म्हणाली. "वापरातली जमीन आहे ती."