वाटा मागणारं कवन

शाजली आणि मी एकाच छपराखाली कुंभाराची चाकं फिरवायचो. किना शहराच्या दक्षिणेला, नाईलच्या काठावर आमचं गाव. इथल्या मातीच्या सुरयांत पाणी गार राहतं. शाजलीचा हात चांगला होता, पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते कवनांमुळे. आमच्याकडे चार ओळींचं एक कवन असतं, त्याला वाव म्हणतात. त्यात शब्द एक आणि अर्थ दोन. वरचा अर्थ सगळ्यांसाठी, आतला ज्याला लागेल त्याच्यासाठी. फोड करून सांगावं लागलं तर कवी हरला.

शाजलीचा थोरला भाऊ खलफ बापाची सगळी जमीन कसायचा. वर्षाला शाजलीच्या घरी गहू पोचवायचा. बहीण वहीबा मात्र विधवा होऊन सासरच्या एका खोलीत राहत होती, आणि तिच्या हिश्शाबद्दल खलफ चकार शब्द काढत नव्हता. थोरल्या भावाला तोंडावर विचारायची आमच्याकडे रीत नाही. शाजलीची तर मुळीच छाती नव्हती. पण जीभ गप्प बसेना.

खलफच्या मुलाच्या लग्नात दुपारचं जेवण झालं, तसा लोकांनी शाजलीला आग्रह केला. तो उठला. त्याचं कवन तुमच्या बोलीत मी असं म्हणेन :

आली माहेरा, पायात काटा,
ऊन डोईला जाळी;
दादा, बहिणीला दाखव वाटा,
चुकेल संध्याकाळी.

मला दोन्ही अर्थ लागले. पायवाटा म्हणा नाहीतर हिस्सा म्हणा, शब्द तोच. आणि संध्याकाळ म्हणजे म्हातारपण, हे तर आमची पोरंसुद्धा सांगतील. मी खलफकडे बघितलं. तो मांडीवर थाप मारत होता. त्याने ते कवन पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. शेवटी भावाला मिठी मारून सगळ्यांना म्हणाला, "बघा, माझ्या भावाला बहिणीची किती माया!"

परत येताना शाजली रस्ताभर स्वतःशी पुटपुटत होता. खलफला कळलं नाही की त्याने कळू दिलं नाही, हेच त्याला उमजत नव्हतं.

पुढच्या खेपेला त्याने जरा उघड बोलायचं ठरवलं. गावाबाहेर एका पिराच्या मजारीमागे एक खजूर आहे, त्याला फळ धरत नाही. बहिणीचा घास खाणाऱ्या माणसाचं ते झाड, म्हणून वांझ राहिलं, असं जुनी माणसं सांगतात. शाजलीने ऊसतोडणीनंतरच्या जेवणात म्हटलेल्या कवनात त्या खजुराचा नुसता उल्लेख केला. ज्यांना गोष्ट ठाऊक होती ते म्हातारे खाली बघू लागले. तरुणांना ती माहीतच नव्हती, त्यांनी आवाज गोड लागला म्हणून टाळ्या पिटल्या. आणि खलफने काय करावं? दुसऱ्या दिवशी खजुरावर चढणारा माणूस बोलावून, फळ धरावं म्हणून त्या झाडाच्या फुलांवर नर-खजुराचे तुरे बांधून घेतले. गावभर त्याच्या पुण्याईची वाहवा झाली.

शाजलीने त्या दिवशी तीन सुरया चाकावरच चिरडल्या. मी म्हणालो, सरळ जाऊन विचार. तो माझ्यावरच उखडला. सरळ विचारलं तर भांडण होईल, गहू बंद होईल, आणि मग कवनाचा उपयोग काय, असं त्याचं म्हणणं. त्यानंतरही तो कवनं रचत राहिला. प्रत्येक नवं कवन आधीच्यापेक्षा धारदार, आणि दाद आधीच्यापेक्षा मोठी. लांबलांबून लग्नांची आमंत्रणं येऊ लागली. वहीबाच्या खोलीचं छप्पर मात्र तसंच गळकं राहिलं.

शेवटी वहीबानेच पायात वहाणा घातल्या. शुक्रवारच्या नमाजानंतर खलफच्या बैठकीत पुरुष चहा पीत होते. बायका तिथे पाऊल टाकत नाहीत. ती काळ्या बुरख्यात सरळ आत आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "खलफदादा, बापाच्या जमिनीतला माझा हिस्सा मला पाहिजे."

पुरुषांनी पेले खाली ठेवले. खलफने सगळ्यांकडे बघितलं, आणि अगदी दुखावल्या आवाजात म्हणाला, "अगं, मागायचं होतंस. आजवर मला कुणी सांगितलंच नाही."

तेव्हा सगळ्यांच्या नजरा शाजलीकडे वळल्या. तो कोपऱ्यात बसला होता. त्याचा चेहरा भाजून तडकलेल्या मडक्यासारखा झाला होता.

चार मोठी माणसं मध्ये पडली. खलफने कालव्याच्या शेवटच्या टोकाची, मिठाने पांढरी पडलेली पट्टी दिली. हक्कापेक्षा पुष्कळ कमी. वहीबाने ती घेतली, कारण नाही म्हटलं असतं तर तीही गेली असती.

बाहेर रस्त्यावर शाजलीने तिला गाठलं. मी बरोबर होतो. तो म्हणाला, "बहिणी, मी इतकी वर्षं त्याला सांगतच होतो ना."

ती थांबली. रागावली नव्हती, थकली होती. "त्याला नाही रे सांगत होतास. लोकांना ऐकवत होतास. त्याला पळायला एक दार तूच दर वेळी उघडं ठेवत होतास."

शाजली वळून घरची वाट चालू लागला. नंतर छपराखाली माझ्याशी मात्र तो तासन्‌तास वाद घालायचा, की कवनाचा धर्मच तो, आडून बोलावं, ऐकणाऱ्याची अब्रू राखावी. आणि ज्याला अब्रूच नाही त्याचं काय, असं मी विचारलं की चाक जोरात फिरवायचा.

आता शुक्रवारी तो वहीबाच्या पट्टीत चर खणतो, म्हणजे मीठ वाहून जाईल. ती त्याला भाकरी आणि भेंडीचं कालवण देते, फारसं बोलत नाही. परवा तो उरलेली जमीन साध्या शब्दांत मागायची असं ठरवून खलफच्या दारी गेला होता. बऱ्याच वेळाने परत आला. काय झालं म्हणून मी विचारलं.

"म्हशीच्या दुधाबद्दल बोललो," तो म्हणाला आणि माती मळायला बसला.